आप्पांचे न ऐकलेले निरोप

आप्पा गेल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. दौंडच्या डेअरी ऑफिसात माझ्या स्क्रीनवर न्हावऱ्याच्या दूधगाडीपुढे लाल खूण आली होती: 'उशीर – चालकामुळे'. फोन लावला, तो त्यांच्या बायकोनं, काकूंनी उचलला. "ते गेलं सायेब... सकाळीच."

दीड महिना झाला, मन ठिकाणावर नाही.

आप्पा आमचे सगळ्यात जुने चालक. दूध, फॅट, गाड्यांच्या वेळा, सगळं एका ठिकाणी साठवून वरिष्ठांना तक्ते दाखवणं हे माझं काम. उशीर झाला की चालकानं मोबाइलवरच्या यादीतलं एक कारण निवडायचं. आप्पा बोलून पाठवायचे. उसाची ट्रॉली उलटली, कुणाची म्हैस अडली, मध्येच हॉर्न, हसू, खोकला... हे बोलणं रकान्यात बसेना, म्हणून सिस्टिम त्याला 'इतर' म्हणायची. तक्त्यात 'इतर' फार वाढलं, तेव्हा वरून विचारणा झाली. एकेक निरोप ऐकून कारण लावायला आठवडा गेला असता. मी एका दुपारी सगळं 'इतर' उचलून कायमचं 'चालकामुळे'मध्ये मिसळलं. तक्ता सुरेख दिसला. मला शाबासकी मिळाली, आप्पांना नोटीस.

ते माझ्या टेबलाशी आले. "सायेब, म्या एवढं बोलतो, ते जातं कुठं?"

"साठवून ठेवतो, आप्पा."

"लोणच्यागत? मग खाता कवा?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो आणि म्हणालो, "यादीतलं एक बटण दाबत जा, मिटलं."

"माझं कारण तुमच्या यादीत न्हाई," म्हणाले आणि गेले.

त्यांच्यामागे मी ते निरोप ऐकायला बसलो. एक ते जाण्याच्या नऊ दिवस आधीचा होता. "सायेब, आज जरा उशीर हुईल. छातीत दाबल्यागत हुतंय, लिंबाखाली बसलोय. दूध नासत न्हाई, काळजी नगं. दोन दिस सुट्टी द्या, डाक्टरला दावून येतो..."

गेल्या रविवारी न्हावऱ्याला जाऊन तो काकूंना ऐकवला. हा माझ्याकडे पडून होता, मी ऐकलाच नव्हता, हेही सांगितलं.

"डाक्टरकडं कवा जायचं, रोज इचारायचे मी," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, सायबांला सांगितलंय, उत्तर आलं की जाऊ."

तेवढ्यात मोबाइलवर पुढचा निरोप आपोआप सुरू झाला. "सायेब, निघालो बरं का..." मी घाईनं बंद करायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "बोलू द्या त्यास्नी. तुम्ही ऐका."