तिसऱ्या गाण्यातली ढोलकी

आमच्या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि पुण्यात आमच्याइतकं अवघड संगीत दुसरं कुणी वाजवत नाही, असं माझं ठाम मत होतं. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे नुसता गोंगाट नव्हे, हे मी भेटेल त्याला समजावत असे. गाणी दहा-दहा मिनिटांची, मध्येच ताल बदलणारी, कधी सात मात्रांची, कधी अकरा. मी ड्रम्स वाजवायचो. बाकी तिघे कॉलेजातले मित्र होते : एक गिटारवाला, एक बेसवाला आणि एक गाणारा. गिटारवाल्याच्या घरची एक खोली कात्रजला रिकामी पडली होती. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या लावून आम्ही तिला स्टुडिओ म्हणायचो.

असले ताल तुला इतक्या सहज कसे जमतात, असं मला लोक विचारायचे. मी परदेशी बँडांची नावं सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. माझे वडील सरकारी कार्यालयात कारकून होते आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांची बोटं सतत कशावर तरी चाललेली असायची, पत्र्याच्या डब्यावर नाहीतर स्वतःच्या गुडघ्यावर. शाळेत असताना एकदा मी सात मात्रा बोटांवर मोजत होतो. ते पाहून म्हणाले, "मोजायचं नाही, म्हणायचं. तिं तिं ना, धी ना, धी ना. तोंडात बसलं की हातात बसतं."

अल्बममधलं तिसरं गाणं याच तालावर उभं होतं. त्याच्या मध्यावर सगळं शांत व्हायचं, फक्त गिटार उरायची. तिथे ढोलकी घ्यायची कल्पना गिटारवाल्याची. "काकांना बोलव ना," तो म्हणाला. "असं कुणीच केलेलं नाही."

पप्पा आधी नको म्हणाले. "तुमच्या त्या आरडाओरड्यात मी काय करणार?" पण त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, ढोलकी कापडात गुंडाळून ते बसने कात्रजला आले. आम्ही त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यात एक ठराविक टिकटिक वाजत असते, तिला धरून वाजवायचं असतं.

"ही कशाला?" त्यांनी विचारलं.

"लय हलू नये म्हणून, पप्पा."

"बत्तीस वर्षं वाजवतोय. अजून कुठे पळून गेली नाही."

तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा त्यांनी एक कान मोकळा केला, डोळे मिटले आणि वाजवलं. दाराच्या काचेपलीकडून आम्ही चौघं बघत राहिलो. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ठीक आहे, चालेल." मित्रांसमोर याहून जास्त काही बोलावं असं मला वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात गिटारवाला सगळं जुळवायला बसला. ढोलकी टिकटिकीच्या किंचित मागेपुढे होत होती. पार्टीतल्या गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर लय सैल सोडायची आणि पुन्हा आवळायची, अशी पप्पांची सवय. "काकांना परत बोलवू, नाहीतर मी मशीनवर सरळ करतो, नाहीतर काढू," तो म्हणाला. "तू सांग. तुझे वडील आहेत."

मी म्हणालो, "काढू."

लयीचं निमित्त होतं. खरी गोष्ट अशी की ढोलकी राहिली असती तर कोण वाजवतंय, कुठे वाजवतात, कसली गाणी म्हणतात, हे लोकांनी विचारलं असतं. कॉलेजात मी "वडील लोकसंगीतात आहेत" एवढंच सांगितलं होतं. त्यापुढचे प्रश्न मला नको होते. आणि ढोलकी काढल्याचं मी घरी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

एका रविवारी दुपारी छोट्या सभागृहात आम्ही अल्बम लोकांना ऐकवला. पप्पांनी गायन पार्टीतले तिघे जण सोबत आणले होते. तिसरं गाणं लागलं तसं पप्पा सरसावून बसले. शांत भाग आला तेव्हा त्यांनी शेजारच्या पेटीवाल्याच्या हाताला हात लावला, आता ऐक म्हणून. गिटार वाजली, संपली, पुन्हा ड्रम्स सुरू झाले. पेटीवाले काहीतरी म्हणाले. पप्पांच्या ओठांवरून मला कळलं, ते म्हणत होते, "पुढे असेल."

अल्बम संपला. तुमच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे, असं एकाने विचारलं. मी पाच नावं सांगितली, पाचही समुद्रापलीकडची. सगळ्यांबरोबर पप्पांनीही टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी म्हणालो, "तांत्रिक अडचण आली. ऐनवेळी काढावं लागलं."

"तांत्रिक," ते मोजे काढत म्हणाले. "आधी सांगितलं असतंस तर त्या तिघांना दोन बस बदलायला लावल्या नसत्या."

त्यानंतर हा विषय निघाला नाही. दोन वर्षांत बँड मोडला. भांडण झालं नाही, नोकऱ्या लागल्या. मी हिंजवडीला जाऊ लागलो आणि ड्रम्स विकून टाकले. पप्पा निवृत्त झाले, आणि दीड वर्षातच त्यांच्या डाव्या बाजूवरून वारं गेलं. चालता येऊ लागलं, पण डावा हात गेला तो गेलाच. ढोलकी त्यांनी विहारात देऊन टाकली.

तेव्हा मी गिटारवाल्याला फोन केला. तो आता परदेशात असतो. त्या दिवसाचं ढोलकीचं रेकॉर्डिंग हवं होतं. "नाही रे," तो म्हणाला. "तू काढू म्हणालास, मग मी ठेवलंच नाही." त्यात त्याची काही चूक नव्हती.

गेल्या दिवाळीत आई बाजारात गेली असताना मी पप्पांजवळ बसलो आणि सांगून टाकलं. "तांत्रिक अडचण नव्हती, पप्पा."

"माहितीये."

"कसं?"

"तसं असतं तर तू मला परत बोलावून दहा वेळा वाजवायला लावलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का? लाज वाटली ना?"

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत, आणि त्यामुळेच मला तिथे बसवेना. मग म्हणाले, "पण चौथ्यांदा वाजवलं ते चांगलं झालं होतं. मला वाटलं तसं."

"फार चांगलं झालं होतं, पप्पा. आम्ही चौघं बघत राहिलो होतो."

"मग त्या दिवशी का नाही म्हणालास?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. मी त्यांच्या डाव्या हाताखालची उशी नीट करू लागलो, आणि त्यांनी उजव्या हाताने रिमोट ओढून बातम्या लावल्या.