रांगेतला शेवटचा
बंद घराचं कुलूप काढलं की कोंदट वास येतो आणि मुरबाडकडच्या किल्ल्याखालची जुनी भुयारं आठवतात. बायको गेल्यानंतर मी एकटाच ती पाहायला गेलो होतो. आमच्या गटात बाकी सगळी कुटुंबं होती. जवळच्या वैशाखरे गावचा वाटाड्या म्हणाला, “काका, तुमी एकटे ना? मग शेवटी राहा. वळनावर ‘आलो’ म्हनायचं. आवाज नाय आला तर मी फुडं जानार नाय.” माझ्यासाठी खरंच कोणी थांबेल का, हे पाहायला एका वळणावर मी गप्प राहिलो. अंधारात अख्खी रांग थांबली. “काका, झोपले का काय?” सगळे हसले. मी “आलो” म्हणालो, तेव्हाच रांग हलली. आता वाशिंदच्या माझ्या घरात शिरतानाही मी ‘आलो’ म्हणतो आणि दिवा लावण्याआधी जरा थांबतो.