ह्यांचं नाक आणि भिंतीतला पंखा

आमच्या ह्यांचं नाक फार तिखट होतं. लग्न करून मी कुडपणच्या डोंगरावरून खाली बिरवाडीत आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं, "त्याच्यापासून खायचं कायबी लपवू नको गो, डोळ्याआधी नाकाला कळतंय त्याच्या." खरंच होतं ते. डोळे मिटून फळी नाकाशी धरायचे आणि साग, शिवण की फणस, ते बिनचूक सांगायचे. मी सुकट भाजायला घेतली की घरामागच्या फर्निचरच्या वर्कशॉपमधून हाक आलीच, "गो, मला ठेव हां!"

नव्वदीच्या सुरुवातीला जवळच्या कंपन्यांतली माणसं बिरवाडीत भाड्याने राहायला आली आणि पलंग-कपाटांची मागणी वाढली. पण सगळं कसं चकचकीत हवं, तोंड दिसलं पाहिजे त्यात! बोळा फिरवून हाताने पॉलिश करणं मागे पडलं. ह्यांनी कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन आणली. हाताखाली दोन कारागीर होते, पण फवारायचं काम हे कुणाला देत नसत. माझ्यासारखा हात दुसऱ्याचा बसत नाय, म्हणायचे. भारी अभिमान.

आमच्याकडे पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं. असल्या हवेत ओलं पॉलिश पांढरं पडतं. म्हणून इथले सगळे पॉलिशवाले करायचे तेच हेही करायचे. खिडक्या बंद, दाराच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. आधी शेगडी फिरवून खोली कोरडी करायची, मग शेगडी बाहेर आणि माणूस आत. नाकाला काय, तर रुमाल. संध्याकाळी बाहेर आले की डोळे लालभडक असायचे.

एकदा गॅसवर दूध करपलं. हे दोन हातांवर पेपर वाचत बसलेले, हलले नाहीत. मी मागच्या अंगणातून धावत आले. मग लक्षात आलं, सुकटीची हाकही कितीतरी दिवसांत आली नव्हती. विचारलं तर म्हणे, "सर्दी झालीय गो." ऐन उन्हाळ्यात सर्दी! मी डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले, तर "तुझं आपलं कायतरीच."

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींनी अंगणात तांदळाचे पापड वाळत घातले. आमच्या वर्कशॉपचं दार उन्हाळ्यात सताड उघडं असायचं. पापड तळले तर पॉलिशमधल्या थिनरचा वास! वहिनींनी भांडण नाही केलं, सरळ तक्रार केली. आणि प्रदूषणवाले साहेब जीप घेऊन दारात हजर.

मी तणतणतच पुढे गेले. "कंपन्यांच्या एवढाल्या चिमण्या सोडून आमची एवढीशी खोली बरी दिसली तुम्हाला!"

साहेब रागावले नाहीत. "चिमण्या बघणारे वेगळे आहेत, ताई. मला एवढंच सांगा, या खोलीत दिवसभर उभं कोण असतं?"

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी नियम समजावले. फवारायचं ते बंद खोलीतच, पण तिथली हवा पंख्याने ओढून, जाळीतून गाळून, छपराच्या वर पाइपने सोडायची. थिनरचे डबे झाकणबंद. पुसायच्या चिंध्यासुद्धा झाकणाच्या डब्यात. मुदतीत केलं नाही तर वर्कशॉप बंद. ह्यांनी कुरकुरत का होईना, भिंत फोडून पंखा बसवला. मला हायसं वाटलं.

पाऊस लागला आणि पंखा बंद पडला. म्हणजे पाडला! पंखा हवा ओढतो तशी फटींतून ओल आत येते, पॉलिश पांढरं पडतं. ह्यांनी पंख्याच्या तोंडावर गोणपाट ठोकलं. जीप वाजली की काढायचं, असं ठरलं होतं. पण त्या दिवशी पत्र्यावर असा पाऊस कोसळत होता की जीप कुणाला ऐकूच आली नाही.

साहेबांनी दार ढकललं आणि खोकतच मागे सरले. डोळ्यांतून पाणी. "अहो, केवढा हा वास! पंखा बंद का?"

हे शांतपणे म्हणाले, "वास? देवाशप्पथ साहेब, वासबिस काय नाय हितं."

साहेबांचा पारा चढला. त्यांना वाटलं, हा माणूस तोंडावर खोटं बोलतोय. कारागीर खाली मान घालून हसले. मी साहेबांच्या मागून दारात आले होते, ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. खोटं बोलताना हे कान खाजवतात. त्या दिवशी दोन्ही हात स्थिर होते.

"खरं बोलतायत ते, साहेब," मी ओरडले. "त्यांना वासच येत नाय! नाक गेलंय त्यांचं!" आणि रडत रडतच ते गोणपाट मी ओढून काढलं. "बंद करा हे वर्कशॉप. मला नको कुणाची कपाटं."

साहेबांनी बंद केलं नाही. ह्यांच्या गळ्यात लटकलेल्या रुमालाकडे बघून चांगला मास्क घ्या म्हणाले, आणि फार ओल असेल त्या दिवशी फवारूच नका, असं समजावलं. तेव्हापासून धो धो पावसात आमच्याकडे फक्त सुतारकाम. गिऱ्हाईक कुरकुर करायला आलं की फाटकातच मी उभी. महाडचे डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, नाहीही, वाट बघा. मला कुठला धीर! रोज त्यांच्या नाकाशी कधी कोथिंबीर, कधी फणसाची फळी. "आज येतोय काय?" हे नाही म्हणून मान हलवायचे आणि कामाला लागायचे.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी जेवायला दारातून आत येता येता हे मोठ्याने म्हणाले, "गो, काय झकास वास सुटलाय सुकटीचा!"

गॅसवर नुसतं पाणी तापत होतं. हे माझ्याकडे बघून हसत होते आणि एक हात कानाशी गेला होता.

"बसा, वाढतेच," मी म्हटलं. पाठ फिरवली, पाणी उतरवलं, तवा ठेवला आणि मूठभर सुकट त्यावर टाकली.