घोणीचा डंख

दसऱ्याच्या बाजारात झेंडूचा उग्र वास आला की माझं बोट आजही नकळत मुठीत जातं.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी नाशिकजवळच्या मळ्यात आले. पहिल्याच दसऱ्याला फुलं तोडताना पाल्याखालची घोण, म्हणजे मोठी विषारी गोम, बोटाला डसली. जखम म्हणजे दोन बारीक लाल ठिपके. पण बोट निखाऱ्यावर धरल्यासारखं जळू लागलं आणि कळ पार खांद्यापर्यंत गेली. मी बांधावर बसून रडू लागले.

"एवढ्याशाला कोणी रडतं का? कामाचा कंटाळा हाय तिला," सासूबाई म्हणाल्या.

सासरे मुळात अबोल. त्यांनी माझं बोट पाहिलं. "ती दुखतंय म्हणती ना, मग दुखतंय," एवढंच बोलून त्यांनी भरलेली टोपली खाली ठेवली आणि मला मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं.

माझी मुलगी आता औषधशास्त्र शिकते. परवा तिने सांगितलं, घोणीचं विष थेट वेदनेच्या नसांनाच चेतवतं, म्हणून जखम दिसायला क्षुल्लक असली तरी कळ भयंकर असते.

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. हे त्यांना कधी कळलं नाही. दुखतंय असं मी म्हटलं, तेवढंच त्यांना पुरलं होतं.