आधी छकुलीचं ताट

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर तर माझं पहिल्यापासून वाकडं, माफ करा. चौथीपर्यंतच शिकले. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही! काल अंगणवाडीच्या ताईंनी माझ्या छकुलीची उंची मोजली आणि म्हणाल्या, "अगं, आली की वयाच्या रेघेवर!" मी धावत घरी आले, दारातूनच हाक मारली, "आई..." आणि मग आठवलं. माझ्या सासूबाईंना जाऊन महिना होत आला.

दोन वर्षांपूर्वी याच ताईंनी उंची कमी भरते म्हणून सांगितलं, तेव्हा आई भांडुपच्या आमच्या अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा कडाडल्या होत्या. "आमचा घराणाच बुटक्या! हिचो आजो बुटको, बापूस बुटको. ही काय ताडमाड होतली?" ताई हसल्या. "आजी, बापूस लहानपणी काय खायचा?" आई हळूच म्हणाल्या, "गिरण बंद पडलेली गो. पेजेचा पाणी."

आमच्याकडे पुरुषमाणूस जेवल्याशिवाय कालवणाला हात लागत नसे. हे कामावरून उशिरा यायचे, तोवर छकुली चहा-खारी खाऊन झोपलेली. मला कळत होतं, पण बोलायची हिंमत कुठली! त्या संध्याकाळी आईंनीच बांगड्याची मधली तुकडी काढून काटे निवडायला घेतले. "आधी चेडवाक वाढ. घोव खय पळान जाता?" म्हणजे आधी लेकीला, नवरा कुठं पळून जातोय! हे आले, ताटात नुसतं शेपूट बघून म्हणाले, "आई, माझी तुकडी?" "तुझी उंची आता वाढूची नाय रे!" हे सुद्धा हसत सुटले.

तरी अंड्या-दुधासाठी रोज यांच्यापुढे हात पसरावा लागे, आणि महिनाअखेरीला "कालच तर दिले ना?" ऐकावं लागे. आईंना ते टोचायचं. त्यांनी बचत गटातून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं आणि मला मिक्सर, शेगडी, बिडाचे तवे घेऊन दिले, सकाळी नाक्यावर तांदळाचे घावणे विकायला. मी लाजून मान खाली घालून घावणे काढायची, आणि बाजूला स्टुलावर बसून आई ओरडायच्या, "गरम घावणे! सून मुकी हा, घावणे बोलतत!" पहिल्या कमाईची अंडी मी कुणाला न विचारता आणली. काय ती ऐट वाटली होती मला!

आई गेल्यावर हे म्हणाले, "राहिलेला हप्ता मी भरतो." मी म्हटलं, "नको." एवढं सरळ मी यांच्याशी कधी बोलले नव्हते. तिन्हीसांजेला पहिलं ताट अजून छकुलीचंच वाढते, काटे निवडताना हात आईंसारखेच चालतात... आणि आज दुपारी गटाच्या बैठकीत, सगळ्या बायांसमोर मान वर करून, घावण्यांच्या पैशातून शेवटचा हप्ता मी स्वतः भरला. आईंचं कर्ज पुरतं फिटलं.