पुण्याचा चॅम्पियन

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे, त्याची माफी असावी. पोलीस ठाण्यात मी सव्वीस वर्षं झाडलोट केली, चहा-पाणी दिलं. अधिकारी लोक निवृत्त झाल्यावर आपल्या केसेस लिहितात. मी एकच लिहिते, कारण ती मनातून जात नाही.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्याच्या पुढचं साल. चिखलीकडच्या एका गावातली शिवणकाम करणारी बाई फिर्याद द्यायला आली. मोबाईलवरच्या गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार होती. ही कंपनी आमच्या डोळ्यांसमोर वाढली. आधी मोबाईलच्या दुकानामागे एक खोली आणि दहा खुर्च्या. मग मंगल कार्यालयात मोठा पडदा, माईकवर ओरडणारा माणूस, जिंकणाऱ्याला खरोखर रोख बक्षीस. वर्षभरात काचेच्या दाराचं ऑफिस झालं आणि कंपनी गावोगाव फिरू लागली. गावानं संघ काढायचा, फी भरायची, निवडलेल्या पोरांना महिन्याला पगार मिळणार. शेतात हाती काही लागलं नव्हतं, म्हणून लोकांना ते खरं वाटलं. या बाईचा पोरगा संघात होता. तिनं एकतीस घरांतून फी गोळा करून भरली. पगार आला नाही, आणि गाव कंपनीला सोडून तिलाच चोर म्हणू लागलं.

"पैशाचं जाऊ द्या साहेब," ती म्हणाली, "मी खाल्ले नाही, एवढं तरी लिहून द्या मले."

"तसा दाखला देता येत नाही, बाई. तपास होऊ द्या," ठाणेदार साहेब म्हणाले.

मालकाला बोलावलं. तो पाय पसरून बसला. स्पर्धा नियमानं झाल्या, यांचा संघ हरला, फी परत मिळत नसते, असं त्याचं म्हणणं. पुठ्ठ्याचा मोठा चेक धरलेल्या माणसाचा फोटो दाखवून म्हणाला, "हा फायनलचा विजेता. पुण्याचा आहे. घ्या त्याचा जबाब."

दोन दिवसांनी चॅम्पियन आला. पंचविशीचा माणूस, अंगात कंपनीची जर्सी, डोळ्यावर गॉगल. पाठ केल्यासारखं सांगायचा, "मी पुण्यात राहतो. रोज दहा तास सराव करतो." साहेबांनी दोन तास उलटसुलट विचारलं, पण जबाब हलेना. मी चहा नेला. ग्लास धरताना त्याची बोटं दिसली. नखांच्या कडेनं ओरखडेच ओरखडे, बोंडाची टोकं लागून होतात तसे. मी लग्नाआधी कापूस वेचायला जात असे, ते ओरखडे मला माहीत आहेत.

आमच्याकडे पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला शितादही म्हणतात. साहेबांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "शितादही झालं का रे तुमचं?"

"हाव मावशी, परवाच झालं," तो म्हणाला, आणि ग्लास तसाच धरून बसला.

हवालदारांना हसू आवरेना. "पुण्यात कोन्त्या पेठेत कापूस लावला बे?"

त्यानं गॉगल काढला. "फोटोचे पैसे देतो म्हने मालक. मले तं गेम खेयताच येत नाई, साहेब. माहा फोन बी साधा हाय."

फायनल झालीच नव्हती. बक्षीस मालकाच्याच खात्यात होतं. खातं गोठवलं, दोघांना अटक झाली. मालक चौथ्या दिवशी जामिनावर सुटला. त्या मजुराला जामीन राहायला कोणी नव्हतं. वेचणी संपेपर्यंत तो आत होता.

"मावशी, केस तुम्ही फोडली," साहेब म्हणाले. मला ते कौतुक गोड लागलं नाही.

आरोपी सापडला की फिर्यादीला न्याय मिळतो, असं मी ठाण्यात ऐकत आले होते. या केसनं मला वेगळंच दाखवलं. गावाला चोर जवळचा लागतो, येता-जाता ज्याला बोलता येईल असा. काचेच्या दारात जाऊन भांडायची हिंमत एकाचीही झाली नव्हती.

पुढच्या वर्षी कोर्टाच्या हुकमानं फीचे पैसे परत मिळाले. बाईनं सोबत मागितली, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. ती दारोदार पैसे देई आणि वहीत सही घेई. एका म्हाताऱ्यानं दोनदा मोजून विचारलं, "इतके दिवस वापरले, त्याचं काय वो बाई?" ती वही मिटून पुढच्या दाराला गेली. कोणी आत या म्हटलं नाही. दिवाळी तोंडावर होती, पण शिवायला म्हणून एकाही घरानं कापड पुढं केलं नाही. एकतिसाव्या घरच्या बाईनं खिडकीतूनच नोटा घेतल्या आणि खिडकीतूनच अंगठा उमटवला. सगळ्यांचे सगळे पैसे फिटले.