दुखवट्याची सुटी

शेजारच्या देशाचे अमीर वारले आणि बहरीनमध्येही दुखवटा जाहीर झाला. झेंडे अर्ध्यावर आले, सरकारी कचेऱ्या बंद झाल्या. मी सलमानिया इस्पितळात आजारी मित्राला भेटायला गेलो होतो. बाकावर शेजारी बसलेला माणूस देवगडकडचा निघाला. त्याचा धाकटा भाऊ झोपेतच गेला होता. प्रेत गावी न्यायला एक सही हवी होती आणि ती देणारं सरकारी ऑफिस दुखवट्यामुळे बंद होतं.

भावाला घालायला आणलेल्या नव्या शर्टाची तो पुन्हा पुन्हा घडी घालत होता.

टीव्हीवर अमिरांचं दफन दाखवू लागले, तेव्हा तो उठून मान खाली घालून उभा राहिला. मग बसत म्हणाला, "सुटले ते. लगेच मातीला मिळाले. माझा भाऊ अजून बर्फात आहे."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. गावाहून आईचा होता. त्याने तो माझ्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा. आता माझ्याने होत नाही."

मी फोन कानाला लावला.

"निघालास काय रे त्याला घेऊन?" म्हातारीने विचारलं.

त्याच्याकडे पाहत मी म्हणालो, "नाही, आई. आजही नाही."